पाचगणीचा फारुख, जगाचा फ्रेडी

कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगचा एक अलिखित नियम आहे. स्टेजवरचा बँड कुठल्याही ब्रँचचा असो, सूर लागो न लागो, कार्यक्रम संपायच्या आत एकदा तरी 'वी विल रॉक यू'चा ठेका येतोच. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी वाजवायची. एवढं सोपं, की ड्रमसेट नसला तरी चालतं. मागच्या रांगेत शिस्तीसाठी बसवलेले सरसुद्धा गुपचूप पाय हलवताना दिसतात! हा ठेका क्वीन नावाच्या इंग्लिश बँडचा, आणि त्या बँडचा आवाज म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. हाच फ्रेडी लहानपणी फारुख बुलसारा या नावानं आपल्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या होस्टेलवर वाढला हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमका शिक्षक दिनाला, त्याचा वाढदिवस असतो. त्या दिवशी 'आपला पाचगणीचा पोरगा' असे मेसेज फिरतात आणि आपली छाती दोन इंच फुगते.

पण हा पोरगा 'आपला' किती, आणि ज्या कामासाठी जगानं त्याला डोक्यावर घेतलं ते काम झालं कसं, हे त्या मेसेजमध्ये नसतं. २०१८ साली त्याच्यावर सिनेमा आला, रामी मालेकला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळालं, आणि तेव्हापासून त्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. अडचण अशी की सिनेमावाल्यांनी सोयीसाठी तारखा इकडच्या तिकडे केल्या. म्हणून हा लेख. यात त्याचं आयुष्य आहे, पण मुक्काम जास्त आहे तो एकाच अल्बमवर: १९७५ सालचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा'. मला विचाराल तर अख्खा फ्रेडी त्या एका तबकडीत सापडतो. आणि त्या तबकडीत आपल्या अभ्यासक्रमातलं इतकं काही आहे, की ईअँडटीसीवाल्यांनी तर ती टर्मवर्कला धरायला हरकत नाही!

झांजिबार ते टेबललँड

फारुखचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या झांजिबार बेटावर. आई-वडील जेर आणि बोमी, दोघंही गुजरातकडचे पारशी. बुलसारा हे आडनावच बुलसार, म्हणजे आजचं वलसाड, यावरून आलेलं. वडील तिथल्या ब्रिटिश सरकारी नोकरीत कॅशियर होते. घरची परिस्थिती चांगली, नोकरचाकर होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलाला चांगलं शिक्षण म्हणजे हिंदुस्थानातलं इंग्रजी बोर्डिंग. आठ वर्षांच्या पोराला बोटीनं मुंबईला आणलं आणि तिथून पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत घातलं.

मी वाईचा. आमच्याकडून पसरणीचा घाट चढला की वर पाचगणी. आम्हाला ती शाळांची पाचगणी लहानपणापासून माहीत. ब्लेझर घातलेली, रांगेत चालणारी, सुट्टीच्या दिवशी टेबललँडवर हुंदडणारी मुलं. वाईच्या पोराला घर दिसायचं खाली, कृष्णेच्या काठी. फारुखचं घर होतं समुद्रापलीकडे, हजारो किलोमीटरवर. अधल्यामधल्या सुट्टीत तो मुंबईला नातेवाइकांकडे जायचा. आपण पहिल्या सेमिस्टरला अठरा वर्षांचे घोडे असूनही दर शनिवारी एसटी पकडतो. हे पोरगं आठव्या वर्षी आलं आणि साधारण आठ वर्षं होस्टेलवर राहिलं. सबंध बालपण होस्टेलवर काढलेल्या माणसाला दोन गोष्टी जमतात असं माझं मत आहे. एक, चार लोकांत सहज मिसळणं. दोन, आतलं काही कुणाला कळू न देणं. फ्रेडीला दोन्ही आयुष्यभर जमल्या.

पाचगणीनं त्याला काय दिलं? पहिलं म्हणजे नाव. फारुख हे नाव उच्चारायला जड म्हणून मित्र आणि शिक्षक फ्रेडी म्हणायला लागले, ते कायमचं चिकटलं. दुसरं, पियानो. पोराचा कान चांगला आहे हे शाळेनं ओळखलं आणि त्याचं रीतसर शिक्षण सुरू झालं. तिसरं, बँड. बाराव्या वर्षी त्यानं आणि चार मित्रांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. रेडिओवर ऐकलेली परदेशी गाणी शाळेच्या कार्यक्रमात वाजवायची, एवढंच. गंमत म्हणजे फ्रेडी तिथं मुख्य गायक नव्हता, पियानोवर होता. एकदा ऐकलेली चाल तो पियानोवर जशीच्या तशी काढायचा. चौथी गोष्ट दिली ती मात्र कुणाला मिळू नये अशी: चिडवणं. त्याच्या तोंडात मागच्या बाजूला चार जादा दात होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. पोरं त्यावरून नाव ठेवायची. पुढे पैसा आला तरी त्यानं ते दात काढले नाहीत. ते काढले तर आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती. हसताना तोंडावर हात धरायची सवय मात्र शेवटपर्यंत राहिली.

लंडनमधला निर्वासित

१९६३ च्या सुमारास तो झांजिबारला परतला आणि वर्षभरातच घर उधळलं. जानेवारी १९६४ मध्ये तिथं क्रांती झाली, सुलतानाची सत्ता उलथली आणि हजारो अरब व भारतीय वंशाच्या लोकांची कत्तल झाली. बुलसारा कुटुंब होतं-नव्हतं ते मागे टाकून इंग्लंडला पळालं. लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम नावाचं उपनगर आहे, तिथं एका छोट्या घरात संसार पुन्हा सुरू झाला. फ्रेडी तेव्हा सतरा वर्षांचा. हा तपशील आपण विसरतो. तो शिकायला म्हणून विलायतेला गेलेला श्रीमंत पोरगा नव्हता, जीव वाचवून आलेल्या कुटुंबातला होता.

आधी पॉलिटेक्निक, मग ईलिंग आर्ट कॉलेज. १९६९ साली त्यानं ग्राफिक आर्ट अँड डिझाइनचा डिप्लोमा पूर्ण केला. म्हणजे आपला फ्रेडी डिप्लोमाहोल्डर! पैशासाठी हीथ्रोवर प्रवाशांच्या बॅगा उचलल्या, केन्सिंग्टन मार्केटमध्ये मित्राबरोबर जुन्या कपड्यांचा स्टॉल लावला. एक-दोन बँडमध्ये गायला, ते बँड बंद पडले. ईलिंगमधला एक वर्गमित्र 'स्माइल' नावाच्या बँडमध्ये गात असे. फ्रेडी त्या बँडच्या मागे मागे फिरायचा आणि तुम्ही असं करा, तसं करा, असे न मागितलेले सल्ले द्यायचा. १९७० मध्ये तो वर्गमित्र बँड सोडून गेला आणि सल्ला देणाऱ्यालाच माइकसमोर उभं राहावं लागलं. त्यानं आल्या आल्या बँडचं नाव बदलून क्वीन केलं आणि स्वतःचं आडनाव बदलून मर्क्युरी केलं. डिप्लोमा वाया गेला नाही. क्वीनचं ते प्रसिद्ध चिन्ह त्यानंच काढलं. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह, एक खेकडा, कन्या राशीसाठी दोन पऱ्या, आणि सगळ्यांवर पंख पसरलेला फिनिक्स. त्या दोन पऱ्या म्हणजे तो स्वतः.

चौघांच्या चार शाखा

आता बाकीचे तिघे. इथं आपल्या लोकांनी कान टवकारावेत.

गिटारवाला ब्रायन मे हा इंपीरियल कॉलेजचा फिजिक्सचा पदवीधर. त्याची गिटार दुकानातली नाही. १९६३ पासून दोनेक वर्षं खपून त्यानं आणि त्याच्या इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर वडिलांनी ती घरी बनवली. गिटारचा दांडा जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाचा आणि ट्रेमोलोला मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. वर्कशॉपमध्ये साधा जॉब फिट होईना म्हणून रडणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे वाचून गप्प बसावं! अंतराळातल्या धुळीवरची त्याची पीएचडी क्वीनमुळे अर्धवट राहिली, ती त्यानं २००७ साली पूर्ण केली. म्हणजे तीस-बत्तीस वर्षांचा बॅकलॉग क्लिअर केला.

ड्रमर रॉजर टेलर दातांचा डॉक्टर व्हायला लंडनला आला, नंतर बायॉलॉजीकडे वळून पदवीधर झाला. आणि १९७१ मध्ये शेवटी आला तो बेसवाला जॉन डीकन, चेल्सी कॉलेजचा इलेक्ट्रॉनिक्सचा फर्स्ट क्लास पदवीधर. याला रस्त्यावरच्या कचरापेटीत एक टाकून दिलेलं सर्किट बोर्ड सापडलं. त्यानं ते घरी आणलं, पुस्तकाच्या कपाटावर ठेवायच्या एका छोट्या स्पीकरच्या खोक्यात बसवलं, ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडलं आणि एक ॲम्प्लिफायर तयार झाला. 'डीकी ॲम्प' म्हणून तो आज गिटारवाल्यांच्या जगात प्रसिद्ध आहे. ब्रायन मेची गिटार त्यातून वाजली की व्हायोलिन आहे की क्लॅरिनेट, कळायचं नाही. त्यामुळेच क्वीनच्या सुरुवातीच्या अल्बमांवर अभिमानानं छापलेलं असे की यात सिंथेसायझर नाही.

एक फिजिक्स, एक बायॉलॉजी, एक इलेक्ट्रॉनिक्स आणि एक कमर्शियल आर्टिस्ट. पदवी नसलेला एकच, आणि पुढे उभा राहणाराही तोच.

हिट गाणं आणि रिकामा खिसा

१९७३ चा पहिला अल्बम फारसा चालला नाही. १९७४ मध्ये दोन आले, त्यातलं 'किलर क्वीन' हे गाणं इंग्लंडमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. लोकांना वाटलं, पोरं लखपती झाली. प्रत्यक्षात ज्या कंपनीशी करार होता ती त्यांना आठवड्याचा ठरावीक पगार द्यायची. रेकॉर्डिंगचा, वाद्यांचा, दौऱ्यांचा खर्च मात्र त्यांच्या नावावर चढत राहायचा. लग्न ठरलेल्या डीकनला घराचा पहिला हप्ता भरायला पैसे हवे होते, ते मिळाले नाहीत. १९७५ च्या ऑगस्टमध्ये वकील बसवून करार मोडला. तोडपाण्याला जे द्यावं लागलं त्यानं उरलासुरला खिसाही रिकामा झाला. फ्रेडीनं त्या मॅनेजरवरचा राग नव्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात काढला. नाव न घेता, पण इतका जहरी, की ब्रायन मेलाही ते म्हणताना अवघडल्यासारखं व्हायचं. आता नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या मॅनेजरनं पुढे २०१३ मध्ये स्वतःचं पुस्तक काढून आपण त्या पोरांवर किती खर्च केला हे मांडलं. पैशाच्या भांडणात दोन वह्या असतात, हे आपल्या मेसच्या सेक्रेटरीलाही माहीत आहे.

नवा मॅनेजर आला तो एल्टन जॉनचा मॅनेजर, जॉन रीड. त्यानं साधी वाटणी केली: पैशाचं मी बघतो, तुम्ही स्टुडिओत जा आणि जमेल तितकं चांगलं काम करा. पोरांनी हे फारच मनावर घेतलं! हा अल्बम त्या काळातला सगळ्यात महागडा ठरला असं सांगितलं जातं. म्हणजे बघा, गळ्यापर्यंत कर्ज, आधीच्या तीन अल्बमांतून हातात शून्य, आणि अशा वेळी काटकसर करायच्या ऐवजी सगळं पणाला लावलं. हा अल्बम पडला असता तर बँड फुटला असता. ब्रायन मे पीएचडीला गेला असता, डीकन कुठंतरी नोकरीला. फ्रेडीकडे मात्र परत जायला काही नव्हतं. झांजिबार गेलं होतं, पाचगणी मागे पडली होती.

चोवीस ट्रॅकची कसरत

रेकॉर्डिंग ऑगस्ट ते नोव्हेंबर १९७५. निर्माता रॉय थॉमस बेकर. स्टुडिओ एक नाही, पाच-सहा. त्यातला वेल्समधला रॉकफील्ड स्टुडिओ म्हणजे चक्क शेतावरच्या इमारती. फ्रेडी एक गाणं मनात घेऊन आला होता. सुरुवातीला संथ पियानो, मध्ये ऑपेरा, शेवटी दणकेबाज रॉक, आणि धृवपद नाही! 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. त्याच्या कागदांचा २०२३ साली लिलाव झाला तेव्हा कळलं की एका जुन्या विमान कंपनीच्या कॅलेंडरच्या पानांवर त्यानं ते लिहिलेलं, आणि एका ठिकाणी आधी 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी' असं नाव लिहून खोडलेलं होतं. ती पंधरा पानं सुमारे १३.८ लाख पौंडांना गेली. आपल्या जर्नलच्या रफ वह्या जपून ठेवा रे!

पियानो, बेस आणि ड्रम आधी वाजवून घेतले. मध्ये ऑपेरासाठी रिकामी जागा सोडली. तिथं काय येणार हे फक्त फ्रेडीच्या डोक्यात. मग ऑपेरा सुरू झाला. फ्रेडी मधल्या पट्टीत, ब्रायन मे खालच्या, आणि ड्रमर टेलर इतक्या वरच्या पट्टीत की बाईचा आवाज वाटावा. प्रश्न असा की तीन माणसांतून शंभर माणसांचा कोरस कसा काढायचा?

तेव्हा कॉम्प्युटर नाही. दोन इंच रुंदीची चुंबकीय टेप आणि तिच्यावर चोवीस ट्रॅक. त्यातले ड्रम, बेस, पियानो, गिटार वजा केले की आवाजांना उरतात थोडेच. म्हणून तिघांनी एक सूर गायचा, तो पुन्हा गायचा, पुन्हा गायचा, आणि ते सगळे ट्रॅक एकत्र करून एका-दोन ट्रॅकवर उतरवायचे. मोकळे झालेले ट्रॅक पुन्हा वापरायचे. याला 'बाउन्स' करणं म्हणतात. अशा थरांची संख्या १८० च्या घरात गेली. एकट्या ऑपेराच्या भागाला तीनेक आठवडे लागले, रोज दहा-बारा तास गाणं.

यात इंजिनिअरिंगची मेख काय? दर वेळी टेपवरून टेपवर कॉपी केली की नव्या टेपची खरखर आधीच्या खरखरीत मिसळते. काही भाग आठव्या पिढीपर्यंत गेले असं सांगतात. प्रत्येक पिढीनं सारखाच नॉइज घातला असं धरलं, तर नॉइज पॉवर आठपट, म्हणजे पहिल्या टेपपेक्षा सुमारे ९ डेसिबल जास्त. शिवाय टेप हेडवरून पुन्हा पुन्हा घासली जाते आणि तिच्यावरचा लोखंडाच्या ऑक्साइडचा तपकिरी थर झिजतो. एके दिवशी टेप उजेडासमोर धरली तर आरपार दिसायला लागलं! घाईघाईनं दुसऱ्या टेपवर उतरवून काम वाचवलं. अनडू नाही, बॅकअप नाही. तुकडे जोडायचे ते ब्लेडनं टेप कापून आणि चिकटवून. आणि या सगळ्यात फ्रेडी अधूनमधून येऊन आणखी दोन ओळी वाढवायचा. बेकरला वाटायचं झालं, की हा हजर. सबमिशनच्या आदल्या रात्री डिझाइन बदलणारा एक गडी प्रत्येक प्रोजेक्ट ग्रुपमध्ये असतोच. फरक एवढाच की याला शेवटी काय हवंय ते नक्की माहीत होतं.

बाकीची गाणी

अल्बममध्ये एकूण बारा गाणी. नाव मार्क्स बंधूंच्या १९३५ च्या विनोदी सिनेमावरून उचललेलं. रेकॉर्डिंगच्या काळात त्यांनी तो पाहिला होता. एका गाण्यात फ्रेडीला जुन्या ग्रामोफोनसारखा आवाज हवा होता, तर त्याचा आवाज हेडफोनमध्ये सोडला, हेडफोन पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यासमोर माइक धरला. झाला फिल्टर तयार! दुसऱ्या एका गाण्यात टॅप डान्सचा आवाज हवा होता, तर शिंपी बोटात घालतात ती धातूची टोपणं घालून फ्रेडी आणि टेलरनं टकटक केली. 'द प्रॉफेट्स साँग' आठ मिनिटांहून मोठं. त्यात फ्रेडीचा आवाज टेप डिलेमधून फिरून उशिरा परत येतो आणि तो आपल्याच आवाजाशी गातो.

'थर्टीनाइन' हे ब्रायन मेचं गाणं ऐकायला लोकगीतासारखं साधं, पण विषय आहे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद. यानातून गेलेले लोक परत येतात, त्यांचं वय एकाच वर्षानं वाढलेलं असतं, पण पृथ्वीवर पिढ्या उलटलेल्या. त्यांच्या एका वर्षात इथं शंभर वर्षं जायची तर यानाचा वेग प्रकाशाच्या ९९.९९५ टक्के हवा. गणित करून बघा, फर्स्ट इयरच्या फिजिक्सचं आहे. डीकननं नुकतंच लग्न झालेल्या बायकोसाठी गाणं लिहिलं आणि त्यासाठी इलेक्ट्रिक पियानो शिकला, कारण फ्रेडीला तो पियानो आवडायचा नाही. आणि 'लव्ह ऑफ माय लाइफ' फ्रेडीचं. पुढे १९८१ मध्ये ब्राझीलच्या साओ पावलोत लाखाहून जास्त लोकांनी ते परक्या भाषेतलं गाणं अख्खं म्हटलं आणि हा गायचं थांबून ऐकत राहिला.

सहा मिनिटं कोण ऐकणार?

'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ची लांबी ५ मिनिटं ५५ सेकंद. रेडिओवर तेव्हा तीन-साडेतीन मिनिटांची गाणी चालायची. कंपनीचं म्हणणं, एवढं लांब कुणी वाजवणार नाही, कापा. फ्रेडी कापायला तयार नाही. मग त्यानं गाण्याची टेप केनी एव्हरेट या रेडिओवरच्या मित्राला दिली. ऐकायला, वाजवायला नव्हे, अशी डोळा मारून सूचना! त्या पठ्ठ्यानं एका शनिवार-रविवारात ते चौदा वेळा लावलं. सोमवारी लोक दुकानात मागायला हजर, आणि रेकॉर्ड अजून बाजारात आलेलीच नाही.

३१ ऑक्टोबर १९७५ ला ती आली आणि नऊ आठवडे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर राहिली. टीव्हीवर खोटं खोटं गायला लागू नये म्हणून तीन-चार तासांत एक व्हिडिओ उरकला. चार चेहरे अंधारात, वरून उजेड. तो इतका गाजला की नंतर गाण्याबरोबर व्हिडिओ काढणं ही पद्धतच पडली. अल्बम २१ नोव्हेंबरला आला, तोही पहिल्या क्रमांकावर. कर्ज फिटलं. मात्र त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला टेलरचं मोटारीवरचं गाणं होतं, आणि नियमाप्रमाणे त्यालाही फ्रेडीइतकीच रॉयल्टी मिळाली. त्यावरून बँडमध्ये वर्षानुवर्षं धुसफूस चालली. शेवटी १९८९ च्या अल्बमपासून सगळी गाणी चौघांच्या नावानं छापायचं ठरलं. हे शहाणपण यायला चौदा वर्षं लागली.

वेम्बली आणि त्यानंतर

१३ जुलै १९८५. लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर इथिओपियाच्या दुष्काळासाठी 'लाइव्ह एड'. क्वीनला मिळाली वीसेक मिनिटं. फ्रेडी पियानोवर बसला आणि सुरुवात केली ती याच ऱ्हॅप्सडीनं. पुढची वीस मिनिटं जगभर दाखवली गेली आणि आजही कार्यक्रम कसा करावा याचं उदाहरण म्हणून दाखवतात. सिनेमात असं दाखवलंय की आपल्याला एड्स झालाय हे माहीत असताना तो तिथं गायला. ते खरं नाही. निदान झालं १९८७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी. मला वाटतं खरी गोष्ट सिनेमापेक्षा भारी आहे. वेम्बलीवर गाणारा माणूस मरणाच्या छायेत नव्हता, तो फक्त आपल्या कामात पक्का होता. मरणाच्या छायेतलं काम त्यानं नंतर केलं, आणि ते बघायला कुणी प्रेक्षक नव्हते.

फ्रेडीचं मेरी ऑस्टिनवर प्रेम होतं, अनेक वर्षं ते एकत्र राहिले. मग आपला ओढा पुरुषांकडे आहे हे त्यानं तिला सांगितलं. नातं बदललं, मैत्री मरेपर्यंत टिकली. शेवटची वर्षं जिम हटन त्याच्या सोबत होता. इंग्लंडमध्ये असे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, आपल्याकडे २०१८ पर्यंत. कायदा बदलला तरी लोक लगेच बदलत नाहीत. त्यात हा रोग. वर्तमानपत्रवाले त्याच्या घराबाहेर कॅमेरे लावून बसायचे. आज औषधं आहेत, रोज गोळी घेऊन माणूस पूर्ण आयुष्य जगतो. पण औषधांचं ते एकत्रित कोर्स १९९६ च्या सुमारास आले. जगातला कितीही पैसा १९९१ मध्ये ते विकत घेऊ शकत नव्हता. आपल्या राज्यातही या रोगानं किती घरं गुपचूप पोखरली, आणि किती जणांनी उपचारापेक्षा लोक काय म्हणतील याचीच जास्त धास्ती घेतली, हे ज्यांच्या गावात घडलं त्यांना वेगळं सांगायला नको.

फ्रेडीनं बाहेर काही बोललं नाही. स्वित्झर्लंडच्या माँत्रो गावातल्या स्टुडिओत, उभं राहायची ताकद नसताना, तो जमेल तेवढं गात राहिला. बाकीच्यांनी नंतर त्यावर वाद्यं भरायची, असं ठरलेलं. ते सूर १९९५ च्या अल्बममध्ये आले. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्यानं आजार जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी, २४ ला, तो गेला. वय ४५. अंत्यसंस्कार पारशी पद्धतीनं झाले. जगाचा मर्क्युरी शेवटी दस्तुरांच्या प्रार्थनेत बुलसारांचा फारुख म्हणून गेला.

त्या डिसेंबरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा बाजारात आलं, पुन्हा पहिलं आलं, आणि त्याचे पैसे एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संस्थेला गेले. एप्रिल १९९२ मध्ये वेम्बलीवर त्याच्यासाठी मोठा कार्यक्रम झाला. त्यातून उभा राहिलेला मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट एड्सविरुद्ध काम करतो. त्यानं काढलेल्या चिन्हातला फिनिक्स असा उपयोगी पडला. २०१६ मध्ये एका लघुग्रहाला त्याचं नाव देण्यात आलं, आणि ती बातमी सांगितली कुणी? डॉ. ब्रायन मेनं.

मग तो आपला का?

थोडासा. पाचगणीनं त्याला नाव दिलं, पियानो दिला, घरापासून लांब राहायची सवय दिली. झांजिबारनं जन्म दिला आणि हाकलून लावलं. लंडननं आसरा दिला आणि शेवटी कॅमेरे लावून छळलंही. त्यानं स्वतः आपल्या भारतीयपणाबद्दल फारसं काही सांगितलं नाही, आणि त्याबद्दल त्याच्यावर रागवायचा आपल्याला काही अधिकार नाही. ज्या पोरानं सतराव्या वर्षापर्यंत तीन घरं बदलली, त्याला चौथं घर स्वतः बांधायचा हक्क आहे. 'आपला' म्हणायचंच असेल तर तो दातांवरून चिडवला जात होता तेव्हाचा, बॅगा उचलत होता तेव्हाचा, आणि आजारी होता तेव्हाचाही आपला म्हणावा लागेल. नुसता वेम्बलीचा आपला, असं चालणार नाही.

आणि हो, हा अल्बम ऐका. सगळा मिळून त्रेचाळीस मिनिटांचा आहे, एका लेक्चरपेक्षा छोटा. लॅपटॉपच्या स्पीकरवर नको, रूममेटचे चांगले हेडफोन मागून घ्या. ऑपेराच्या भागात आवाज डावीकडून उजवीकडे पळतात, वरून खाली घरंगळतात, मध्येच अख्खी सभा भरल्यासारखं वाटतं. तेव्हा लक्षात ठेवा, ती फक्त तीन माणसं आहेत, आणि त्यांची टेप झिजत चालली आहे.